एंजल परत कोरलांना टोचतोय? मासा काढण्याआधी हे वाचा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये लाइट लागून तीन तास झालेत, बाकीची कोरलं फुललीत, पण झोआंची (बटणासारख्या मऊ कोरलांची) एक वसाहत मुठी आवळल्यासारखी मिटून बसलीय. पाणी तपासावं तर सगळे आकडे जागेवर. तेवढ्यात तुमचा जांभळा-केशरी कोरल ब्यूटी, म्हणजे बुटका एंजल मासा, तिच्यावरून जाता जाता एक टोचा मारून जातो. आठ-दहा दिवस हे चालतं, मग आपोआप थांबतं. तुम्ही म्हणता, सुटलो. तीन-चार महिने जातात आणि पुन्हा तेच.

माझ्याकडे हे तीन वर्षांत चार वेळा झालं. पहिल्या वेळी माशाला शिव्या दिल्या, दुसऱ्या वेळीही दिल्या, आणि दुसऱ्या वेळी तर मासा निर्दोष होता. म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

टँक ठाण्याला, घरच्या हॉलमध्ये. १२० बाय ६० बाय ५५ सेंटिमीटर, ढोबळमानाने ४०० लिटर. खाली सम्प (गाळणीची टाकी) आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), मार्च ते जून चिलर. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५, तापमान २६, केएच (कार्बोनेटचं प्रमाण) ८ च्या आसपास, नायट्रेट ५ ते १०. मासे मोजकेच: दोन निमो, एक बांगाई कार्डिनल आणि हा एंजल. कोरलांत झोआ, मशरूम, दोन लेदर आणि झेनिया, सगळी मऊ. दगडी कोरल नाही आणि ठेवणारही नाही. सगळी दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कुणी 'अरे, सगळेच ठेवतात' म्हणालं तरी तो धोका तुमचा असतो, त्याचा नव्हे. मांसल दगडी कोरलांचा अनुभव खाली येईल, पण तो न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाच्या टँकचा आहे.

आधी डबा

मासा टोचताना दिसला म्हणजे कोरल त्याच्यामुळेच मिटलंय, असं नाही. मिटलेल्या, मरगळलेल्या कोरलावर चिकट बुळबुळीत थर जास्त येतो, त्यावर गाळ आणि शेवाळ बसतं, आणि ते खायला एंजल येतो. म्हणजे आजार आधी आणि मासा नंतर, असंही असू शकतं. हे सोडवायला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा कामाला येतो. साबण न लावता गरम पाण्यात धुवा, उलटा करून वसाहतीवर घाला, वर एखादा छोटा लाइव्ह रॉक (टँकमधला सूक्ष्म जीव वसलेला दगड) ठेवा. उजेड आत जातो, पाणी खेळतं, मासा आत जात नाही. चार दिवस तसंच राहू द्या, हात लावू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॉलिप (वसाहतीतली एकेक फुलासारखी तोंडं) उघडले, तर चोर मासाच. चार दिवसांनीही मिटलेलेच, तर माशाला सोडा आणि दुसरीकडे बघा.

दुसऱ्या खेपेला माझे पॉलिप उघडलेच नाहीत. रात्री दोन वाजता टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून बसलो. काही दिसेना. शेवटी वसाहतीचा तुकडा बाहेर काढून पांढऱ्या वाडग्यात टँकच्याच पाण्यात धरला आणि हलवला, तर एक 'पॉलिप' सुटून चालायला लागला. ती झोआ खाणारी समुद्री गोगलगाय. शंख नसतो, अंगावर झालर असते, आणि ज्या झोआ खाते त्यांचाच रंग तिच्या अंगात उतरतो, म्हणून हिरव्यात हिरवी होऊन बसते. देठांच्या बुडाशी पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं करून ठेवल्यासारखी तिची अंडी होती. कोरल डिपमध्ये (कोरल बुडवायच्या औषधी पाण्यात) गोगलगाई मरतात, अंडी मरत नाहीत. अंडी जुन्या टूथब्रशने खरवडावी लागतात, आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने डिप परत द्यावा लागतो. मला तीन डिप लागले. त्याच वेळी शंखावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेली चपटी गोगलगाय दिसली तर तिलाही काढा, तीही झोआच खाते.

लेदरबद्दल एक वेगळी गोष्ट. लेदर अधूनमधून कात टाकतं. वरचा भाग चकचकीत, मेण लावल्यासारखा होतो, पॉलिप आठवडाभर आत जातात आणि मग तो पापुद्रा सुटतो. त्या दिवसांत एंजल त्यावर तुटून पडतो आणि आपला जीव वर-खाली होतो. तो पापुद्रा खातोय, लेदर नाही. तिथे वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत जरा वळवा आणि गप्प बसा.

टोचा कुठे पडतोय ते मोजा

टँकसमोर उभं राहून निरीक्षण होत नाही, कारण तुम्ही दिसलात की मासा काचेला नाक लावून खाणं मागतो. मोबाइल स्टँडवर लावून तासभर चित्रीकरण करा आणि घरातून निघून जा. मी तो व्हिडिओ सातवीतल्या भाचीच्या हवाली केला आणि आइस्क्रीमच्या बोलीवर दहा-दहा मिनिटांचे टोचे मोजायला लावले. कोरलं फुललेली असताना तिची नोंद होती: दगडावर ४३, मागच्या काचेवर १७, झोआंवर २. तक्रारीच्या दिवसांतली नोंद: दगडावर १९, काचेवर ०, झोआंवर ११.

त्या काचेवरच्या शून्याकडे माझं लक्ष गेलं नाही. पुढच्या खेपेपर्यंत गेलं नाही.

हा मासा मुळात करतो काय, ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. कोरल ब्यूटी, फ्लेम एंजल, लेमनपील, बायकलर ही सगळी सेंट्रोपायजी वंशातली बुटकी मंडळी. समुद्रात ती तुटक्या प्रवाळांच्या ढिगात, बिळाबिळांतून राहतात आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत दगडावरचं तंतुमय शेवाळ आणि गाळ टिपत फिरतात. गाय चरते तसं. आपण त्यांना सकाळी पाच मिनिटं आणि रात्री पाच मिनिटं जेवण घालतो, उरलेले दहा-बारा तास ती दगडांवरच चरतात. दगडावर काही असेल तोवर कोरलं सुरक्षित. दगड उघडा पडला की चरणं थांबत नाही, फक्त कुरण बदलतं.

आता माझ्या वहीतल्या मासा दोषी असलेल्या तीन खेपा बघा.

पहिली, गणपतीच्या आधीची. घरी पाहुणे येणार म्हणून मी दोन रविवार खर्ची घालून दगड ब्रशने घासले, चारही काचा लखलखीत केल्या. पाचव्या दिवशी झोआ मिटल्या. तेव्हा मी एंजलला तीन आठवडे सम्पमध्ये तडीपार केलं होतं. परत आणल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा सुरू, कारण दगड अजून गुळगुळीतच होते. नंतर ते आपोआप थांबलं, आणि मी श्रेय तडीपारीला दिलं.

तिसरी खेप जानेवारीतली. एका दुकानात शेवाळ खाणाऱ्या पंधरा टर्बो गोगलगाई स्वस्तात मिळाल्या, त्या सगळ्या एकदम सोडल्या. महिन्याभरात टँकमध्ये हिरवा ठिपका उरला नाही. चौथी मे महिन्यातली. फॉस्फेट ०.०८ वर गेलं म्हणून घाबरून फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यम रिॲक्टरमध्ये (पाणी त्यातून फिरवणाऱ्या नळकांड्यात) घातलं, तेही डब्यावर लिहिलेल्या पूर्ण मात्रेत. दहा दिवसांत ०.०१. शेवाळाची पातळ साय गेली, आणि मासा झोआंवर आला.

तिन्ही वेळा मी टँक 'सुधारला' होता.

चौथ्या खेपेला वहीची पानं उलटी चाळताना हे दिसलं, आणि भाचीने लिहिलेलं ते शून्यही. तुमच्याकडे कारण वेगळं असेल: शेवाळ खाणारा नवीन ब्लेनी मासा आणला असेल, यूव्ही दिवा जास्त तास चालवला असेल, लाइटचे तास कमी केले असतील. पण टोचणं सुरू होण्याआधीच्या पंधरा दिवसांत शेवाळ कशाने कमी झालं, हा प्रश्न आधी विचारा. तारखा लिहिलेली वही नसेल तर मोबाइलमधले टँकचे जुने फोटो बघा. मागच्या काचेचा रंग त्यात दिसतो.

मी काय बदललं

समोरची आणि एक बाजूची काच पुसतो. मागची आणि डावीकडची अजिबात नाही. टर्बो चार ठेवल्या, बाकीच्या इमारतीतल्याच एका टँकवाल्याला दिल्या. फॉस्फेट ०.०५ ते ०.०८ राहू देतो, आणि माध्यम घालायचंच झालं तर सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फिरत्या दगडांचा. सम्पच्या एका कप्प्यावर साधा पांढरा एलईडी लावलाय, तिथे मुठीएवढे सहा लाइव्ह रॉक पडलेले असतात. तीन-चार आठवड्यांत त्यांच्यावर केसाळ शेवाळ येतं. दर रविवारी त्यातले दोन वर टँकमध्ये जातात आणि चरून बोडके झालेले दोन खाली येतात. एंजलला आता हे इतकं माहीत झालंय की माझा हात पाण्यात गेला की दगड ठेवायच्या आत तो त्यावर असतो. फक्त केसाळ शेवाळाच्या नावाखाली ब्रायॉप्सिस किंवा बबल शेवाळ वर जात नाही ना, ते बघा. ती पसरली तर एंजल परवडला म्हणाल.

खाण्याच्या वेळा चार केल्या, मात्रा तेवढीच. सकाळी लाइट लागायच्या वेळी नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पानाचा) तळहाताएवढा तुकडा क्लिपला. सुशीची साधी नोरी चालते, तेल-मीठ लावलेली नको. दुपारी ऑटोफीडरमधून स्पिरुलिनाचे दाणे. संध्याकाळी आणि लाइट जायच्या अर्धा तास आधी घरचं गोठवलेलं. त्याची कृती बऱ्याच जणांनी विचारलीय, म्हणून लिहितो.

पाव किलो माल पुरतो: निम्मी सोललेली कोळंबी, बाकी माकूळ आणि तिसऱ्यांचा (शिंपल्यांचा) गर. नेहमीच्या कोळणीकडून ताजं घ्या, मसाला किंवा मीठ लागलेलं काही नको. आरओच्या पाण्यात दोनदा धुवा. मिक्सर एक-एक सेकंदच फिरवा, कण साबुदाण्याच्या दाण्याएवढे राहायला हवेत. पीठ झालं तर ते स्किमर खातो, मासा नाही. त्यात नोरीची चार पानं चुरून घाला. चायना ग्रास पाण्यात उकळून कोमट करा आणि शेवटी त्यात मिसळा, म्हणजे तुकडा पाण्यात लगेच विरघळत नाही. पिशवीत पातळ पोळीसारखं पसरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि रोज चिक्कीसारखा तुकडा मोडून घाला. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. आमच्याकडे ते पहिल्याच दिवशी वेगळं झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

खाणं वाढवलं की फॉस्फेट वाढणार, हे खरंय. म्हणून मात्रा वाढवायची नाही, ती दिवसभरात पसरायची. एकदम भरपूर घालून मासा कोरल सोडतो हा समज चुकीचा आहे. पोट भरलेला एंजलही चरतो.

आणि जागा. एंजल रात्री झोपतो ती एक ठरलेली कपार असते, तिच्या तोंडाशी असलेलं कोरल त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर येतं. माझी ती हिरवी वसाहत नेमकी तिथेच होती. ती ३० सेंटिमीटर उजवीकडे, वाळूजवळ नेली, आणि कपारीच्या तोंडाशी लेदर बसवलं. लेदर आणि झेनिया यांच्या अंगात चवीला नकोशी रसायनं असतात, बहुतेक एंजल त्यांना एकदा चाखून सोडून देतात. झोआ, मांसल दगडी कोरलं आणि महाशिंपल्याची मखमली किनार, हे त्यांच्या आवडीचं.

वाट बघायची नाही अशी वेळ

मावसभावाकडे फ्लेम एंजल होता. सहा महिने गुणी. मग एक दिवस महाशिंपल्याच्या किनारीला टोचायला लागला. त्याने माझ्यासारखेच सगळे प्रयोग केले: नोरी, फिरते दगड, चार वेळा खाणं. शिंपल्याने किनार आत ओढून घेतली. तिच्यातच प्रकाशावर जगणारं सूक्ष्म शेवाळ असतं, त्यामुळे ती उघडली नाही तर शिंपला उपाशी मरतो. तीन आठवड्यांत तो गेला. पाठोपाठ एका मांसल कोरलाचा पांढरा सांगाडा दिसायला लागला.

तेव्हा: झोआ मिटल्या आहेत, पण वसाहतीतले पॉलिप मोजून तेवढेच आहेत, तर वरचे उपाय करायला महिना घ्या. पण मांस फाटलेलं दिसलं, सांगाडा उघडा पडला, किंवा महाशिंपला दोन दिवस उघडला नाही, तर त्याच आठवड्यात मासा काढा. शिंपल्याची चव कळलेला एंजल नोरीवर परत आलेला मी पाहिलेला नाही.

काढायचा कसा? जाळीने नको. एंजलच्या गालावर मागे वळलेला एक मजबूत काटा असतो, फुलपाखरू माशापासून त्याला वेगळं ओळखायची खूणच ती. तो काटा जाळीत गुंततो, सोडवताना कल्ल्याचं झाकण फाटतं. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापा आणि उलटा करून आत बसवा. मान लहान पडत असेल तर मासा जाईल एवढी कापा. बाटलीला सुईने भरपूर भोकं पाडा, आत नोरी ठेवा. पहिले तीन दिवस मासा आत-बाहेर करू दे. चौथ्या दिवशी टँकचं खाणं बंद ठेवा, फक्त बाटलीत द्या. मावसभावाचा मासा पावणेदोन तासांत आत होता. ज्यांनी दगड उपसून मासा धरलाय त्यांना या पावणेदोन तासांची किंमत कळेल.

नवा आणलेला एंजल काहीच खात नाही आणि फक्त कोरलांना टोचतो, ही तक्रार वेगळी. तो खोडकर नाही, उपाशी आहे. डोक्यामागे पाठ खपाटीला गेलीय का बघा. एखादी तिसरी (शिंपली) अर्धी उघडून, गरासकट शिंपल्यातच खाली ठेवा. दाण्यांकडे ढुंकूनही न बघणारे एंजल यावर येतात. अंगावर पांढरे ठिपके असतील तर वेगळ्या टँकमध्ये नेऊनच औषध करा. तांब्याचं औषध कोरलांच्या टँकमध्ये कधीही नको, आणि सेंट्रोपायजीला ते वेगळ्या टँकमध्येही जपून, कारण या वंशाला तांबं सोसत नाही.

नवीन मासा घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असलेलं पाच सेंटिमीटरचं एम्परर एंजलचं पिल्लू दुकानात फार गोड दिसतं. मोठं होऊन ते ४० सेंटिमीटरपर्यंत जातं, पट्टे पिवळे होतात, आणि समुद्रात त्याचं मुख्य खाणं स्पंज. घरच्या रीफमध्ये ते बसत नाही, अंगानेही आणि तोंडानेही. त्याच कुळातला निळ्या वलयांचा एंजल मालवणला स्कूबा करताना खडकाच्या आडोशाला पाहिला होता, माझ्या हाताच्या कोपरापासून पंज्याएवढा. त्यानंतर मोठ्या एंजलची हौस फिटली. कोरलांना हात न लावणारा एंजल हवाच असेल तर जेनिकँथस वंश बघा. ते दगडावर चरत नाहीत, मधल्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतात. नर-मादीचे रंग वेगळे, आणि गटात नर नसेल तर मादीचाच नर होतो. त्यांना पोहायला उंच, मोकळा टँक लागतो, वर झाकण लागतं, आणि खोल पाण्यातून धरलेल्यांच्या वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) इजा झालेली असू शकते. म्हणून दुकानात तिरका पोहणारा घेऊ नका.

चौथ्या खेपेनंतर आता वर्षाहून जास्त काळ झाला. परवाच्या मोजणीत दगडावर ३८, मागच्या काचेवर २१, झोआंवर ३. कपारीजवळ नारंगी झोआंचे सात-आठ पॉलिप मी हलवलेच नाहीत, ते कायम अर्धे मिटलेले असतात. तो त्याचा हप्ता, मी त्यात पडत नाही. यंदा गणपतीला पाहुणे आले. टँकसमोर बराच वेळ उभं राहून काकांनी विचारलंच, "मागची काच पुसायची राहिली का रे?" हो म्हणालो.